चालू हाय, साहेब

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "मिस्त्री, हॉस्पिटलातले अनुभव लिहून द्या." मी म्हटलं, "तोंडी सांगतो की, तुम्हीच लिहून घ्या." ते म्हणाले, "नको, लेखीच द्या." लेखी हा शब्द ऐकून मी आधी नाहीच म्हणणार होतो. त्याचं कारण पुढं येईल.

खरं सांगायचं तर नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी जे काही लिहिलं ते एका शब्दात मावतं. चालू. रोज सकाळी मेंटेनन्सचं रजिस्टर भरायचं. डाव्या बाजूला नावं छापलेली. लिफ्ट, जनरेटर, पाण्याची मोटार, ऑक्सिजन, अलार्म. उजव्या बाजूला मी लिहायचं. बंद लिहिलं की तीन फॉर्म भरावे लागत आणि दोन टेबलांपुढं उभं राहावं लागे. चालू लिहिलं की चहा प्यायला मोकळा. आता एखादी वस्तू खरोखर चालते तिला आपण चालू म्हणतो, आणि एखादं काम कसंबसं उरकलेलं असतं त्यालाही चालू कामच म्हणतो. माझ्या रजिस्टरातल्या शब्दाचा कुठला अर्थ घ्यायचा ते मी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

मी कागलचा. आयटीआय करून वायरमन झालो आणि कोल्हापुरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात लागलो. नाव सांगत नाही, तिथं अजून माझी माणसं आहेत. वायरमन म्हणून घेतलं, पण पुढं नळ, पाइप, दारं, लिफ्ट सगळंच गळ्यात पडलं. सगळे मिस्त्रीमामा म्हणायचे. हॉस्पिटल म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं डॉक्टर येतो, सिस्टर येते, औषधाची बाटली येते. माझ्या डोळ्यापुढं पाइप येतात. पेशंट बरा झाला की डॉक्टरचं नाव होतं, आणि ते व्हायलाच पाहिजे. पण तोच पेशंट बाथरूममध्ये घसरून पडला की लोक त्याच्या नशिबाला बोल लावतात. तिथं मला राग यायचा. बाथरूममध्ये नशीब नसतं. तिथं गुळगुळीत फरशी असते आणि धरायला दांडी नसते.

एक उदाहरण देतो. हात धुवा, हात धुवा म्हणून वॉर्डात पाट्या लावल्या होत्या. मोठ्या डॉक्टरांची त्यावर भाषणं झाली. तरी कुणी हात धुवेना. मी तीन दिवस नुसतं बघत बसलो. बेसिन वॉर्डाच्या पार शेवटच्या कोपऱ्यात, संडासाच्या शेजारी. एका पेशंटकडून दुसऱ्याकडं जाताना दरवेळी तिथवर कोण जाणार? मी भंगारातलं एक जुनं बेसिन काढलं, घासलं आणि वॉर्डाच्या दारातच बसवलं. नळाला कोपरानं ढकलायचा लांब दांडा लावला. आठ दिवसांत डॉक्टर, सिस्टर, मावशी, नातेवाईक, सगळे येता-जाता हात धुवायला लागले. पाट्या होत्या तिथंच होत्या. ह्या कामाचा मला अजून अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

लिफ्टचं उलटं. लिफ्ट घेणाऱ्यांनी ती उभ्या माणसांसाठी घेतली होती. स्ट्रेचर आत घ्यायचं म्हणजे तिरकं करायचं, पायाकडची बाजू दुमडायची आणि पेशंटला गुडघे पोटाशी घ्यायला सांगायचं. पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला असं सांगताना मला लाज वाटायची. मी दोनदा अर्ज केला. उत्तर आलं, लिफ्ट सुस्थितीत आहे. माझ्याच रजिस्टरचा दाखला दिला होता, चालू म्हणून.

गमतीची गिऱ्हाइकंही पुष्कळ भेटली. गडहिंग्लज भागातली एक आजी दाखल झालेल्या सुनेजवळ राहायला आली होती. मी वॉर्डात शिरलो तर भिंतीवरच्या ऑक्सिजनच्या तांब्याच्या पाइपाला लुगडं बांधून तिनं नातवाची झोळी टांगलेली, आणि निवांत झोके देत बसलेली.

"आजी, सोडा ती झोळी. ह्या पायपातनं पेशंटचा ऑक्सिजन जातोय."

"जाऊ दे की," आजी म्हणाली. "वारंच हाय न्हवं? वाऱ्याला काय वजन लागतंय का?"

बाळाला मी स्वतः उतरवून घेतलं. पण आजीचा शब्द वॉर्डात राहिला. तेव्हापासून सगळे ऑक्सिजनला वारंच म्हणायला लागले.

आता हे वारं येतं कुठून ते सांगतो, कारण पुढची गोष्ट त्याच्यावरच आहे. हॉस्पिटलच्या मागच्या आवारात एक खोली. तिथं मोठ्या सिलिंडरच्या दोन रांगा, डावी आणि उजवी. एका वेळी एकच रांग चालते. ती संपली की मधली झडप आपोआप दुसरीकडं वळते. झडप अडकली तर हातानं दांडा फिरवायचा. तिथून तांब्याचा पाइप भिंतीभिंतीनं प्रत्येक खाटेपर्यंत जातो. खाटेजवळ पाण्याची छोटी बाटली असते, वारं त्या पाण्यातून बुडबुडत पेशंटच्या नाकाला जातं. आणि वाऱ्यावरचे पेशंट ठेवायच्या छातीच्या वॉर्डात भिंतीवर एक डबा, सगळ्या हॉस्पिटलात एकच. त्यावर दाब दाखवणारी काट्याची तबकडी, एक लाल दिवा आणि एक बझर. दाब कमी झाला की दिवा लागतो, बझर कोकलतो, सिस्टर मला फोन करते, मी पळतो. एवढीच सगळी योजना.

आमच्या छातीच्या वॉर्डातल्या डब्याचं बझर बंद करायचं मूळ बटण तुटलं होतं. सुटा भाग मागवला, तो आलाच नाही. मग मी बाजारातून एक साधं खटक्याचं बटण आणून बसवलं. आतली वायर तोकडी पडली म्हणून ते उलटं बसलं. आपल्या घरात बटण खाली केलं की चालू होतं. हे वर असलं की चालू, खाली केलं की बंद. नंतर सरळ करू म्हटलं. ते नंतर काही आलं नाही.

त्या वॉर्डाच्या इनचार्ज सुतार सिस्टर. नेसरीच्या, आवाज खणखणीत, बोलणं तोडून टाकणारं, काम एकदम चोख. वॉर्ड काटकोनात वळलेला आणि वळणावर कुणीतरी कधीतरी सामानाची खोली बांधलेली. त्यामुळं सिस्टरच्या टेबलावरून नऊ नंबरपासून पुढच्या खाटा दिसतच नसत. सिस्टर दिवसभर त्या वळणाला फेऱ्या मारायच्या. अडीअडचणीला वॉर्डात ठेवलेल्या छोट्या सिलिंडरची चावी ऐन वेळी कधी सापडत नाही, हा सगळ्या हॉस्पिटलांचा अनुभव आहे. सुतार सिस्टरनी ती बँडेजच्या पट्टीनं सिलिंडरलाच बांधून ठेवली होती.

माझी चार वर्षं नोकरी राहिली होती त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला नऊ नंबरला जैनबचाची होत्या. इचलकरंजीच्या. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. वारं काढलं की त्यांचे ओठ बघता बघता काळे पडत. त्यांचे मालक रसूलचाचा स्टुलावर बसून असायचे. जन्म यंत्रमागावर गेलेला, कान जवळजवळ गेलेले, त्यामुळं स्वतः मोठ्यानं बोलायचे. एकदा मी बाटली बदलत होतो तर सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारलं, "पावणं, ह्ये बुडबुडं कशाला हो?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "चाचा, बुडबुडं हाईत म्हंजे वारं जातंय. बुडबुडं थांबलं की वारं थांबलं."

"आस्सं," ते म्हणाले. "मागावर सूत तुटलं का न्हाय तेवढं बगायचं. तसलंच हाय की."

त्या दिवसापासून त्यांनी बाटलीवरची नजर काढली नाही.

खंडेनवमीला आम्ही मेंटेनन्सवाले सगळ्या यंत्रांची पूजा करतो. मोटारी धुवायच्या, जनरेटर पुसायचा, पाने-पकडी पाटावर मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचे हार घालायचे. वर्षभर ज्याच्या जिवावर खाल्लं त्याला एक दिवस हात जोडायचे. माझी पूजा आटोपली तेव्हा सुतार सिस्टर दारात आल्या. हातात झेंडूचा मोठा घसघशीत हार.

"मामा, आमच्या डब्यालापण घाला की. त्यो काय यंत्र न्हवं?"

मी गेलो. डब्याच्या काचेला कुंकवाचं बोट लावलं. हार अडकवायला भिंतीत खिळा नव्हता. पुढं आलेलं एकच टोक होतं, खटक्याचं. मी हार त्याच्यावर अडकवला, फुलं ताजी राहावीत म्हणून वर पाणी शिंपडलं, नमस्कार केला आणि खाली आलो. ऑक्सिजनच्या सामानाजवळ तेलाचा दिवा न्यायचा नाही एवढं भान मी त्या दिवशी राखलं होतं. बाकी काही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारनंतर निम्मा स्टाफ सोनं लुटायला चौकाकडं निघालेला. मी गच्चीवर पाण्याच्या मोटारीत हात घालून बसलो होतो. मागच्या खोलीत डावी रांग संपली आणि झडप अडकली. खोलीत कुणी नव्हतं. वॉर्डातल्या डब्यानं ओरडायला पाहिजे होतं, तो ओरडला नाही. लाल दिवा लागला असणार, पण तो झेंडूच्या आड होता.

चाचांना बुडबुडे विरळ झालेले दिसले. मग थांबलेले दिसले. सिस्टर वळणाच्या अलीकडं दुसऱ्या पेशंटला सलाइन लावत होत्या. चाचा जाग्यावरून उठले नाहीत, बायकोचा हात सोडला नाही. नुसते ओरडले, "ओ सिस्टरबाई, बुडबुडं थांबल्यात!" वॉर्डातल्या लोकांनी मला नंतर सांगितलं की खालच्या मजल्यावरसुद्धा ते ऐकू गेलं. सिस्टर पळत आल्या. वाऱ्यावर चार पेशंट आणि सिलिंडर एक. त्यांनी चौघांकडं एकदा बघितलं आणि सिलिंडर नऊ नंबरला ओढला. चावी जागेवरच होती. मावशीला शेजारच्या वॉर्डातून दुसरे आणायला पिटाळलं, आणि मग मला फोन केला.

"मामा, खाली पळा. वारं गेलंय."

चार जिने मी कसे उतरलो मला आठवत नाही. दांडा फिरवला, काटा वर आला. किती मिनिटं गेली तेही मला सांगता येणार नाही. तिथून धापा टाकत वॉर्डात गेलो. चाचींचे ओठ काळे होते, पण छाती हलत होती. बाटलीत पुन्हा बुडबुडे सुरू झालेले. चाचा त्यांच्याकडं बघत रडत होते. बाकीचे तिघेही सावरले होते. सगळे खाटांभोवती होते, माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

मी डब्याकडं बघितलं. हाराच्या ओझ्यानं खटका खाली आलेला.

माझा हात पुढं झाला. हार काढला, खटका वर केला, काचेवरचं कुंकू बाहीनं पुसलं, हार हत्यारांच्या पिशवीत कोंबला. हे सगळं मी केलं तेव्हा मनात काय होतं, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. काही नव्हतं. भीती होती.

दोन दिवसांनी चौकशीची कमिटी वॉर्डात आली. अधीक्षक साहेब, मेट्रन आणि एक डॉक्टर. सिस्टरना विचारलं, अलार्म झाल्यावर तुम्ही काय केलं?

"अलार्म वाजलाच न्हाई सर," त्या म्हणाल्या.

रसूलचाचा न विचारताच उठले. "खरं हाय सायब. वाजला न्हाई."

डॉक्टर हसले. "चाचा, तुम्हाला ऐकायला कमी येतं ना?"

"व्हय, कान मागानं खाल्लं. पर डोळं हाईत की. वाजला असता तर वार्डातली मानसं त्या डब्याकडं बगितली असती. एकजनबी बगितला न्हाई."

कुणी ते कागदावर घेतलं नाही. साहेब माझ्याकडं वळले. "मिस्त्री, टेस्ट करा." मी डब्यावरचं टेस्टचं बटण दाबलं. बझर असा कोकलला की खाटेवरची माणसं दचकून उठून बसली.

"म्हणजे अलार्म चालू आहे?"

"चालू हाय, साहेब," मी म्हटलं.

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सुतार सिस्टरनी माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली. आठवड्याच्या आत त्यांना मेमो मिळाला. अलार्म वाजूनही वेळेत लक्ष दिले नाही, आणि चौकशीत दिशाभूल करणारे उत्तर दिले. ज्या बाईनं चौघांना हातचं जाऊ दिलं नाही, तिला.

मेमोनंतर चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि हार, खटका, उलटं बटण, सगळं सांगून टाकलं. साहेब माणूस वाईट नव्हता. शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

"मिस्त्री, हे लेखी देता का?" ते म्हणाले. "दिलंत तर मला वर पाठवावं लागेल. बाजारातलं बटण का बसवलं, सुटा भाग कुणी अडवला, वॉर्डात मध्येच खोली कुणी बांधली, सगळं निघेल. आत्ता हे एकटीवर आहे. मग सगळ्यांवर येईल. तुमची चार वर्षं राहिलीत ना?"

"विचार करून सांगतो, साहेब."

तो विचार रिटायर होईपर्यंत चालला. साहेबांनी पुन्हा विचारलं नाही. मला बाहेर पडताना हलकं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो. इमारतीची चूक एखाद्या माणसाच्या नावावर टाकली की सगळ्यांना असंच हलकं वाटतं. तेवढं एक माणूस सोडून.

चाची बऱ्या होऊन घरी गेल्या. जाताना चाचांनी सिस्टरना एक आणि मला एक असे दोन पंचे दिले, त्यांच्या मागावरचे. "तुमी बुडबुडं दावलं म्हनून बायको वाचली," असं म्हणून त्यांनी माझे हात धरले. मी पंचा घेतला. घरी कपाटात आहे, घडी मोडलेली नाही.

मी खटका त्याच आठवड्यात काढला आणि वायर लांब करून बटण सरळ बसवलं. त्या कामाला अर्धा तास लागला.

चार वर्षांनी माझा निरोप समारंभ झाला. हार घालायला स्टाफनं सुतार सिस्टरना पुढं केलं. दरम्यान त्यांच्या मागून आलेल्या दोघीजणी मोठ्या पदावर गेल्या होत्या. सिस्टरांचं नाव निघालं की मेमो आडवा यायचा. हार झेंडूचाच होता. गळ्यात घालताना त्या कानाशी हळूच म्हणाल्या, "मामा, लई चालू निघालासा."

सगळे टाळ्या वाजवत होते. मी विचारलं, "तुमाला ठावं हुतं?"

"डब्याखाली पाकळ्या पडल्यात्या. कमिटी यायच्या आदी मीच गोळा केल्या."

"मग बोलला का न्हाईसा?"

"हार मीच आणलता की," त्या म्हणाल्या. "म्हटलं, मामा बोलतील."

मग त्यांनी मला पेढा दिला आणि ड्यूटी होती म्हणून वॉर्डात निघून गेल्या. पुढं आभाराची भाषणं झाली. माझ्या काळात एकही यंत्र बंद पडलं नाही, असं साहेब रजिस्टर दाखवून म्हणाले.

सुतार सिस्टरांची नोकरीची दोन वर्षं अजून शिल्लक आहेत आणि मेमो अजून त्यांच्या सर्व्हिस बुकात आहे. हा अंक हातात आला की एक प्रत मी हॉस्पिटलच्या ऑफिसात नेऊन देणार आहे, आणि पोच घेणार आहे. साहेब बदलले असतील, फाइल तीच असेल. ज्याला माझ्यावर काय करायचं ते त्यानं करावं. त्या दिवशी दुपारी छातीच्या वॉर्डातला अलार्म वाजला नाही. सुतार सिस्टर खरं बोलल्या आणि रसूलचाचाही खरं बोलले. अलार्म बंद होता, आणि तो माझ्या हातून बंद झाला होता. हे लेखी देतो आहे. खाली सही माझीच आहे.